मराठी फाइल उघडली की कचरा दिसतो? पुन्हा टाइप करायला बसण्याआधी हे तपासा

गणपती जवळ आले की माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते. "ताई, फाइल खुलली, पण सगळा कचरा दिसतोय." आमच्या इंदुरी मराठीत फाइल उघडत नाही, खुलते. लोकमान्य नगरात घरीच मी वीसेक वर्षं टायपिंगची आणि डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायची, कामं करते: मंडळांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, वधू-वर सूची, मुंजीच्या पत्रिका, आणि दोन कुलवृत्तांत. हा एक बिघाड मी शेकड्यांनी फायलींत पाहिला आहे. दर वेळी जीव तुटतो तो एकाच गोष्टीने. फाइल माझ्यापर्यंत येते तोवर कुणीतरी ती पुन्हा टाइप करायला घेतलेली असते. एका मावशींनी यजमानांच्या आठवणींची चाळीस पानं रात्री जागून परत टाइप केली होती. मूळ मजकूर त्याच फाइलमध्ये अक्षरन् अक्षर शाबूत होता.

म्हणून आधी एवढं लक्षात घ्या: कचरा दिसतो याचा अर्थ मजकूर गेला असा नाही. बहुतेक वेळा मजकूर आत असतो, तो वाचायची किल्ली तुमच्या संगणकावर नसते. मजकूर खरोखर जातो तो नंतर, घाबरून 'सेव्ह' दाबल्यावर.

आधी लक्षण ओळखा

कचरा सगळा सारखा नसतो. तो कसा दिसतो यावरून अर्धं निदान होतं, म्हणून मला फोन करणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते.

पहिला प्रकार, रोमन अक्षरांची खिचडी. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी ओळ दिसते. ही जुन्या फॉन्टची खूण, आणि इंदुरात दहापैकी सात वेळा हेच निघतं.

दुसरा प्रकार, अक्षरं देवनागरीच आहेत, पण एकही शब्द लागत नाही. फाइल एका जुन्या फॉन्टात लिहिलेली आहे आणि ती दुसऱ्याच जुन्या फॉन्टात दिसते आहे.

तिसरा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येतो. त्याच्यामागे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं बारीक वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि त्याच्यामागे आणखी काहीतरी. हा फॉन्टचा दोष नाही, फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली जाते आहे.

चौथा, रिकामे चौकोन. फॉन्टात ते अक्षरच नाही. हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार.

पाचवा, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. हा सर्वांत वाईट. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

सहावा, शब्द कळतात पण मोडलेले असतात: वेलांटी भलत्या अक्षरावर, रफार एक घर पुढे सरकलेला, जोडाक्षरांचे पाय मोडून उघडे पडलेले.

आणि सातवा, ज्याला लोक बिघाड मानतच नाहीत. पडद्यावर सगळं सुरेख दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही, किंवा पीडीएफमधून कॉपी केलं की दुसरीकडे भलतंच उमटतं.

हे होतं कशामुळे

हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेली सामाईक पद्धत, आणि तिच्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा आकडा आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळालेला आहे. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती विंडोज २००० मध्ये. एक्सपीत तर ती सीडी घालून वेगळी चढवावी लागे. मधली वर्षं, आणि त्यानंतरचीही बरीच, लोकांनी जुन्या फॉन्टांवर काढली. कृतिदेव, श्रीलिपीचे फॉन्ट, शिवाजी, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरचे डीव्ही-टीटी नावाचे फॉन्ट ही त्यातली नेहमीची मंडळी.

या फॉन्टांची युक्ती साधी होती. फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरं, फॉन्टने त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचे. कृतिदेवमध्ये तुम्ही 'राम' टाइप करता तेव्हा आत फक्त जे, के, ई ही तीन रोमन अक्षरं जातात. जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. फॉन्ट असेल तोवर राम दिसतो, फॉन्ट काढला की जे-के-ई उरतं. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही.

इंदुरात हा त्रास दुप्पट आहे, कारण इथे दोन प्रवाह मिळतात. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग पिढ्यान्‌पिढ्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर आणि कृतिदेववर शिकवलं गेलं, आणि आपल्या मंडळांचा मराठी मजकूरही त्याच टायपिस्टांच्या हातून गेला. दुसरीकडून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या फायली येतात, त्या श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये. एकाच स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत कृतिदेवमध्ये, पाहुण्यांचा लेख श्रीलिपीत आणि तरुण मुलांनी मोबाइलवरून पाठवलेल्या कविता युनिकोडमध्ये, असं मी दर वर्षी पाहते.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

*हात काढून घ्या.* फाइल उघडली आणि कचरा दिसला, तर काहीही न बदलता बंद करा. 'बदल साठवू का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. मग फाइलची एक प्रत करा, नावाला 'मूळ' जोडा आणि ती बाजूला ठेवा. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. याला पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं, आणि याच पायरीवर लोकांच्या फायली वाचतात किंवा बुडतात.

*पाठवणाऱ्याला फोन करा.* त्यांच्या संगणकावर फाइल नीट दिसते का, एवढं विचारा. दिसत असेल तर त्यांच्याकडूनच पीडीएफ करून मागवा, आणि फॉन्टचं नाव विचारून घ्या. कित्येकदा काम इथेच संपतं, कारण तुम्हाला फक्त वाचायचं किंवा छापायचं असतं. दुरुस्ती करावी लागली तरी ही पीडीएफ लागतेच. बदललेला मजकूर बरोबर आला की नाही हे ताडून पाहायला दुसरं काही हाताशी नसतं.

*नोटपॅडची कसोटी.* ही माझी सर्वांत लाडकी. फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. नोटपॅड शब्दाबरोबर फॉन्ट उचलत नाही, नुसती साठवलेली अक्षरं घेतो, म्हणून आत काय आहे ते उघडं पडतं. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे आणि दोष फॉन्टचा किंवा सॉफ्टवेअरचा आहे. रोमन खिचडी झाली तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. फाइल वर्डमध्ये कितीही सुंदर दिसत असली तरी हे करून पाहा. सातव्या लक्षणाचा उलगडा इथेच होतो: 'वर्गणी' शोधून सापडत नाही, कारण फाइलमध्ये 'वर्गणी' हा शब्दच नसतो.

मात्र नोटपॅडचा स्वतःचा फॉन्ट कुणी कृतिदेव करून ठेवला असेल तर ही कसोटी फसते. कार्यालयातल्या संगणकांवर मला असं दोनदा आढळलं आहे. तेव्हा एकदा नोटपॅडचा फॉन्ट कोणता आहे ते पाहून घ्या.

*फॉन्टचं नाव वाचा.* वर्डमध्ये कचऱ्याच्या मधोमध क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत बघा. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतो, कारण नाव फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे कृतिदेव, शिवाजी, श्री-देव किंवा डीव्ही-टीटी असं काही दिसलं की रोग सापडला. आणखी खात्री करायची तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेने जाऊन खाली 'फॉन्ट सबस्टिट्यूशन' हे बटण शोधा. कोणता फॉन्ट गायब आहे आणि त्याच्या जागी वर्डने कोणता बसवला आहे, याची यादीच मिळते. दोन-तीन जणांच्या हातून गेलेल्या फाइलमध्ये फॉन्टही दोन-तीन निघतात. अशा वेळी सगळा मजकूर निवडून एकच फॉन्ट लावू नका. कुठली ओळ कशात होती ही माहिती त्याने पुसली जाते आणि दुसऱ्या प्रकारचा कचरा तुम्ही स्वतःच तयार करता.

*तो फॉन्ट बसवा.* फाइल फक्त वाचायची, छापायची किंवा दोन-चार शब्द दुरुस्त करायची असेल तर ज्यांच्याकडून ती आली त्यांच्याकडून फॉन्ट घ्या, त्यावर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. श्रीलिपीसारखे फॉन्ट विकतचे आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्याकडूनच काम करून घेणं योग्य.

इथे एक काळजी घ्या. फॉन्टची फाइल ही टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फॉन्टच्या नावाखाली ईएक्सई, म्हणजे एखादा प्रोग्राम, उतरत असेल तर ती चालवू नका. २०१७ साली क्रोम वापरणाऱ्यांना 'होफ्लरटेक्स्ट हा फॉन्ट सापडला नाही, अपडेट करा' अशी खोटी खिडकी दाखवून विषाणू पेरले गेले होते. समोरचं पान कचऱ्याने भरलेलं दाखवायचं आणि फॉन्टचं आमिष लावायचं, अशी ती युक्ती. आपण ज्या अडचणीत असतो नेमकी त्याच अडचणीची ती नक्कल आहे, म्हणून आपल्यासारखे लोक तिला सहज फसतात.

*चौकोन दिसत असतील तर* नोटपॅडमध्ये मराठी नीट उमटते का ते पाहा. उमटत असेल तर फक्त युनिकोड फॉन्ट लावायचा आहे. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' संगणकात असतोच. पूर्वी सगळीकडे दिसणारा 'मंगल' विंडोज १० मध्ये वेगळा चढवावा लागतो, सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीच्या पूरक फॉन्टांत तो सापडतो. जुन्या शासकीय फायली मंगलमध्ये असल्याने नव्या संगणकावर त्यांची पानं पुढे-मागे सरकतात, त्याचं कारण बहुधा हेच. वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही मराठीवर परिणाम होत नसेल तर कंट्रोल-डी दाबा. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा रकाना असतो. देवनागरीचा फॉन्ट तिथून बदलतो.

एक्सेल आणि प्रश्नचिन्हं

यावर जास्त लिहिते आहे, कारण खरं नुकसान इथेच होतं.

मंडळं आता वर्गणीदारांची नावं गुगल फॉर्मवर घेतात. यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून उतरवतात, तिच्यावर डबल क्लिक करतात, ती एक्सेलमध्ये उघडते आणि तिसऱ्या प्रकारचा कचरा दिसतो. यादी चांगली असते. युनिकोडची फाइल बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली असते आणि त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, लागतात. एक्सेलने हे न ओळखता एकेक बाइट सुटा वाचला की एका 'क'ची तीन परकी चिन्हं होतात. म्हणूनच तो रेघवाला 'ए' दर तिसऱ्या जागी येत राहतो.

उपाय असा: फाइल न साठवता बंद करा. कोरी एक्सेल उघडा. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन' मध्ये '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. खालच्या नमुन्यात नावं मराठीत दिसू लागली की 'लोड' म्हणा. याहून सोपं म्हणजे यादी गुगल शीट्समध्येच उघडा आणि तिथून एक्सेलची फाइल उतरवून घ्या. लिबरऑफिस तर सीएसव्ही उघडताना अक्षरपद्धती कोणती हे आपणहून विचारतं.

आता प्रश्नचिन्हं. नीट मराठी दिसणारी यादी एक्सेलमधून साध्या 'सीएसव्ही'त साठवली, की त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ही दिसण्यातली चूक नव्हे. अक्षराचा आकडा पुसून त्यावर प्रश्नचिन्हाचा आकडा लिहिला गेलेला असतो. नोटपॅडमध्ये 'आन्सी' ही युनिकोडआधीची जुनी पद्धत निवडून साठवलं तरी हेच होतं. नोटपॅड आधी बजावतो की युनिकोड अक्षरं नष्ट होतील, पण ती सूचना कुणी वाचत नाही. साठवायचंच तर एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय घ्या. नोटपॅड मे २०१९ च्या विंडोज अपडेटपासून नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये साठवतो, जुन्या संगणकावर मात्र ते निवडावं लागतं.

प्रश्नचिन्हं झालेली फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. कुणी 'दुरुस्त करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. पाठवलेली ई-मेल, व्हॉट्सॲपवरची पहिली फाइल, फॉर्मचं मूळ पान, वनड्राइव्हमधल्या जुन्या आवृत्त्या, अशा ठिकाणी मूळ प्रत शोधा. एका मंडळाच्या चारशे नावांची यादी आम्हाला अशीच एका कार्यकर्त्याच्या पाठवलेल्या मेलमध्ये सापडली होती.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणणं

फाइल पुढेही वापरायची असेल तर फॉन्ट बसवून भागत नाही, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी परिवर्तक (कन्व्हर्टर) मिळतात, कृतिदेवचे तर भरपूर आणि फुकट. घाई इथे महागात पडते, म्हणून मी काय करते ते सांगते.

आधी परिवर्तक त्याच फॉन्टचा आहे ना हे पाहते. कृतिदेवच्या परिवर्तकात श्रीलिपीचा मजकूर घातला तर तो तक्रार करत नाही, इमानेइतबारे नवा कचरा काढून देतो.

मग आख्खी फाइल घालण्याआधी एक परिच्छेद बदलून बघते, आणि त्यात 'वार्षिक' हा शब्द असेल असा निवडते. मंडळाच्या कागदांत तो सापडतोच. परिवर्तकाची खरी परीक्षा या शब्दात आहे. कृतिदेवमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: व, काना, मग वेलांटी, मग ष, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने हवीत: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी ष ओलांडून मागे न्यायची आणि रफार ष ओलांडून पुढे आणायचा. एका अक्षरावर दोन उलट्या उड्या. कच्चा परिवर्तक इथे अडखळतो. 'आर्थिक', 'धार्मिक', 'कीर्ती', 'वर्गणी' हे शब्दही तपासा. हे सगळे नीट उतरले तर बाकीचा मजकूर बहुधा नीट येतो.

दुसरी जागा खास मराठीची आहे. हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांना आपला 'ऱ्या' कळतोच असं नाही. मग 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. एका भंडाऱ्याच्या, म्हणजे सामुदायिक जेवणाच्या, हिशेबात 'आचाऱ्यांना मानधन' असं मूळ वाक्य होतं, बदललेल्या फाइलमध्ये ते 'आचार्यांना मानधन' झालं. शब्दतपासणी अशा चुका पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. म्हणून मी बदललेल्या मजकुरात 'र्या' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहते. 'तऱ्हा', 'कऱ्हाड', 'सुऱ्या' यांसारखे शब्द त्यातच सापडतात. 'ळ'ही तपासा. हिंदी टायपिस्टाने तो मुळातच 'ल' टाइप केलेला असतो, आणि ती चूक परिवर्तकाची नसते.

तिसरी जागा इंग्रजी मजकुराची. परिवर्तकाला फॉन्ट दिसत नाही, फक्त अक्षरं दिसतात. त्यामुळे मधे इंग्रजीत लिहिलेले ई-मेलचे पत्ते आणि कंपन्यांची नावं यांनाही तो कृतिदेव समजून देवनागरी करून टाकतो. हे तुकडे आधी वेगळे काढून ठेवा. फोन नंबर आणि रकमा मूळ कागदाशी एकेक करून ताडा. वधू-वर सूचीत चुकलेला एक आकडा म्हणजे एका घराला न आलेला फोन.

बदलून झाल्यावर एक बारीक गोष्ट. 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकसंध अक्षर, किंवा 'अ'वर अर्धचंद्र. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर दुसरी रीत चालायची. दिसायला दोन्ही सारखे, आकडे निराळे. 'ॲडव्होकेट' शोधल्यावर निम्मीच नावं सापडली तर शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या.

पीडीएफ आणि छापखाना

पीडीएफ दिसते छान, पण तिच्यातून कॉपी केलेला मजकूर मोडतो. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर रोमन खिचडी मिळते आणि ती परिवर्तकात घालून पाहता येते. युनिकोडची असेल तर बहुतेकदा वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, कारण पीडीएफ अक्षरांपेक्षा आकार सांभाळते. तेव्हा सरळ ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून संगणकाला अक्षरं ओळखू द्या. पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवा, उजवं क्लिक, 'ओपन विथ', 'गुगल डॉक्स'. मराठी चांगलीच ओळखली जाते. पानं सरळ हवीत, अक्षरं स्पष्ट हवीत, आणि मोठ्या फाइलचे लहान तुकडे केले तर निकाल सुधारतो. जीर्ण छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, तेव्हा मुद्रितवाचन टळत नाही.

सहाव्या लक्षणाचं मूळ पुष्कळदा छापखान्यात असतं. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, आणि त्याला युनिकोड समजत नाही. तुम्ही मेहनतीने युनिकोड केलेला मजकूर छापखानेवाले जुन्या फॉन्टात परत नेणार, आणि चुका नव्याने शिरणार. छापखाना ठरवण्याआधीच विचारा: काम पेजमेकरवर होतं की इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर? इनडिझाइनमध्ये वेलांट्या तुटत असतील तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. एवढ्याने वेलांट्या जागेवर येतात.

टायपिस्टाची सवय न मोडता

हा बिघाड दर वर्षी परत येतो, कारण मजकूर दर वर्षी जुन्या फॉन्टातच टाइप होतो. आणि टायपिस्टाला दोष देऊन उपयोग नाही. तीस वर्षं रेमिंग्टनवर बसलेली बोटं एका दिवसात इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा प्रमाण कळफलक शिकत नाहीत. त्यांच्यासाठी 'हिंदी इंडिक इनपुट' या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेमिंग्टन गेल' हा कळफलक आहे. कळा जवळपास त्याच, साठवलं जातं ते युनिकोड. नव्या मुलांनी विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडून फोनेटिक कळफलक घ्यावा, तो २०१९ पासून विंडोज १० मध्येच आहे. छपाईला 'मुक्ता' किंवा 'तिरो देवनागरी मराठी' हे मोफत फॉन्ट उत्तम. दुसऱ्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, आणि आमच्या हिंदी वातावरणात ते वळण पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

कधी थांबायचं

सीडी किंवा हार्ड डिस्क घरघर करत असेल, अडकत असेल, तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी बिघडू शकते. ती बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. जेल रोडवर दुकानं पुष्कळ आहेत, पण 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका.

मृत्युपत्र, खरेदीखत, न्यायालयाचे कागद यांची फाइल स्वतः बदलू नका. एक 'ऱ्या' इकडचा तिकडे झाला तरी अर्थ फिरतो. वाचण्यापुरती पीडीएफ करा, कामासाठी वकिलांना विचारून प्रमाणित प्रत काढा.

कुणी फोनवर 'तुमचा संगणक मला दिसू द्या, मी ठीक करतो' म्हणालं आणि तुम्ही त्यांना ओळखत नसाल, तर फोन ठेवून द्या. या बिघाडाला कुणाच्याही हाती संगणक द्यावा लागत नाही.

फॉन्टचं नाव कळत नाही, फाइल वर्डची नसून एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पद्धतीची आहे, किंवा ती उघडायला लायसन्सचं कुलूप लागतं, तर तिथेही थांबा. आणि मजकूर शंभर पानांच्या वर असेल, त्यात तक्ते आणि वंशावळी असतील, तर जाणत्या डीटीपीवाल्याकडे जा. माझ्याकडे आलेला एक कुलवृत्तांत २००४ सालच्या सीडीवर होता, तीन वेगवेगळ्या फॉन्टांत. बदलायला दोन दिवस लागले आणि वंशावळी ताडायला दीड महिना. अशा कामाला देताना न बदललेली मूळ फाइल, मिळाली तर छापील प्रत किंवा पीडीएफ, फॉन्टचं नाव, आणि ती मूळ कोणत्या गावी, कोणत्या छापखान्यात टाइप झाली एवढं सांगा. पैसे ठरवण्याआधी दोन पानांचा नमुना मागा. त्यात एक पान वंशावळीचं असू द्या, आणि ते घरातल्या थोरांपैकी कुणाला तरी वाचायला द्या, कारण पणजोबांच्या भावंडांची नावं बरोबर उतरली की नाही हे तेच सांगू शकतात.